पलंगावरचा दगड

टोरांटो, ४ सप्टेंबर

वादळाला नाव मिळालं. म्हणजे आता माझ्या घरी जाणार ते! टीव्हीवरच्या नकाशात कॅरिबियनमधलं आमचं कॅरियाकू बेट नीट दिसतही नाही. हवामानवाल्या बाईच्या नखाखाली अख्खं झाकलं जातं.

५ सप्टेंबर

आईला फोन केला. शाळेत जाऊन राहा म्हटलं, तिथलं छप्पर पक्कं आहे. तर म्हणते, तुझ्या बाबांना एकटं कसं सोडू?

बाबा जाऊन सहा वर्षं झाली! त्यांच्या थडग्याचा दगड तेवढा त्यांच्या पलंगावर पडून आहे, पांढऱ्या चादरीखाली. आई रोज सकाळी त्याच्याशी बोलते. मुलगी आल्याशिवाय दगड उभारायचा नाही, आणि दगड उभारल्याशिवाय गेलेल्या माणसाला झोप नाही — आमच्याकडे असंच आहे. आणि मुलीचं दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की'. कधी रजा नाही, कधी खरं तर मनच नाही. लिहितानाही लाज वाटते.

६ सप्टेंबर

सकाळपासून चार फोन. आई हटून बसलीय. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, मेलेल्या माणसासाठी तू जीव देणार का? ती हळूच म्हणाली, "तू ये, दगड उभा कर. मग मी कुठेही जाईन."

"डिसेंबरचं तिकीट काढलंय," मी म्हटलं.

काढलेलं नाही. तोंडातून गेलं. पण आई कशी हसली! बोकड कुणाचा घ्यायचा, दगडावर शिंपडायला रम किती लागेल — सगळं ठरवून मोकळी. आणि शेजारच्या कथबर्टकाकांबरोबर शाळेत निघालीसुद्धा. खोटं बोलले, पण आई वाचली.

७ सप्टेंबर

दुपारी वादळ धडकलं. फोन बंद. मी ज्यांची देखभाल करते त्या आजींना भरवताना दोनदा सूप सांडलं. म्हणाल्या, चमचा ठेव, आधी रडून घे.

८ सप्टेंबर

काही नाही.

९ सप्टेंबर

टीव्हीवर बेटाचं विमानातून घेतलेलं चित्र दाखवलं. शाळेचं छप्पर जागेवर आहे! दोनदा थांबवून पाहिलं. शाळा आहे म्हणजे आई आहे.

१० सप्टेंबर

कथबर्टकाकांचा फोन आला. शाळेतले सगळे वाचले. आईही ठीक होती, सगळ्यांना डिसेंबरचं आमंत्रण देत बसली होती. मग मधेच वारा थांबला, ऊन पडलं. वादळाचा डोळा. अर्ध्या तासात वारा उलट्या बाजूने येतो, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. आईलाही माहीत होतं.

काका म्हणाले, मी हात धरला होता गं तिचा. तर म्हणाली, "सोड रे. डिसेंबरात पोरगी येतेय. दगड फुटला तर तिला काय दाखवू? नीट झाकून येते."

घर गेलं. आई पलंगाशेजारी सापडली. दगडावर गादी, उशा, तिच्या अंगावरचा कोट. त्याला ओरखडाही नाही.

११ सप्टेंबर

तिकीट काढलं. शनिवारचं.