घर ते शेत चाललेली गाडी

माय,

गाडी पंच्याऐंशी हजाराला घेतली, असं मी पिंप्राळ्यात सगळ्यांना सांगतो. तुला खरा आकडा सांगायला हरकत नाही. पंच्याऐंशी गाडीचे, बारा टायरचे, साडेचार बॅटरीचे, नऊ खालच्या पत्र्याचे आणि नाव बदलून विमा काढेपर्यंत आणखी साडेआठ. म्हणजे एक लाख एकोणीस हजार आणि अक्काची डाव्या पायाची चप्पल. चपलेचं कसं झालं ते पुढे सांगतो. आत्ता दुपार आहे, ऊन असं की दुकान उघडं ठेवून उपयोग नाही, अक्का आतल्या खोलीत कूलरसमोर झोपली आहे आणि मी स्वतःवर चिडून कागद घेऊन बसलो आहे.

तुझा मुलगा बेचाळीस अंशांत, मुऱ्हाळी म्हणून, स्वतःची गाडी घेऊन बोदवडला गेला आणि बहिणीला अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी घेऊन आला, हे आधी ऐकून ठेव. बाकीचं ऐकल्यावर त्याची किंमत कमी होईल.

गाडी घ्यायचं कारण अक्काच. तू होतीस तोवर आखाजी जवळ आली की तू मला धुळ्याहून एस.टी.त बसवून द्यायचीस आणि मी तिला घेऊन यायचो. तू गेल्यावर मी जळगावला आलो, पिंप्राळ्यात पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि माहेर म्हणजे माझं घर झालं. मग कित्येक वर्षं ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, पिशवी मांडीवर घेऊन, सबंध रस्ताभर मला सासरच्यांच्या गोष्टी सांगत आली. पुढे गुडघे गेले. मोटरसायकल बंद, एस.टी.ची पायरी बंद. गेल्या आखाजीला दुकानात चार पंप जळून आलेले, शेतकरी डोक्यावर बसलेले, म्हणून मी भाड्याची गाडी ठरवली आणि ड्रायव्हरच्या हाती निरोप दिला की अक्काला घेऊन ये. गाडी संध्याकाळी रिकामी परत आली. ड्रायव्हर बिचारा खाली बघून म्हणाला, ‘शेठ, त्या बाईंनी पाणी दिलं, जेवायला घातलं, पण बसल्या नाहीत.’ मी फोन केला. अक्का म्हणाली, ‘भाड्यानी गाडीमा माल जास रे भाऊ, लेक नही जात.’ आणि फोन ठेवला. पितरांच्या पूजेला तुझ्या नावाची घागर तिच्याशिवाय भरली गेली. घागरीवरचं खरबूज, आपलं डांगर, तेसुद्धा मीच ठेवलं, वाकडं. ते सरळ करायला घरात दुसरं कोणी तुझं नव्हतं. यंदा अक्का आली नसती तर पुढे आली नसती, हे मला कळत होतं. ती तुझीच आहे, एकदा नाही म्हणाली की त्यावर माती टाकते.

म्हणून गाडी. आणि घाई. सावद्याला एका केळीवाल्याची गाडी विकायची आहे असं गिऱ्हाइकाकडून कळलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. पांढरं धोतर, गोड माणूस. गाडी मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये उभी, धुऊन पुसून लख्ख, आत उदबत्तीचा वास, पायाखाली नवी कोरी रबरी पायपुसणी. मी काय केलं असेन, तूच सांग. पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पंपाचं बेअरिंग मी असंच ऐकतो. गिऱ्हाईक बोलायच्या आधी मोटार मला सांगते काय दुखतंय ते, आणि या कानांवर मी दुकान, घर, दोन पोरांची शिक्षणं उभी केली आहेत. नाना म्हणाले, ‘डॉक्टरच आले म्हणायचे.’ इंजिन खणखणीत होतं. वरच्या बाजूला बारीक टकटक होती, ती मी नानांना ऐकवली आणि तेवढ्यावर पाच हजार कमी करून घेतले. वर म्हणालो, गाडी घरपोच पाहिजे. तेही कबूल झालं. मी मनात म्हटलं, मला फसवणारा अजून खानदेशात जन्माला यायचाय.

आता राग कशाचा येतो ते सांगतो. नाना एक शब्द खोटं बोलले नाहीत. ‘गाडी बाहेर कुठं गेलीच नाही, घर ते शेत, शेत ते घर,’ म्हणाले. मी ऐकलं आणि खूश झालो, की कमी चाललेली आहे. ‘मागच्या सीटवर कधी माणूस बसला नाही,’ म्हणाले. मी आणखी खूश, सीट नवी असणार. अगं, माणूस बसला नाही कारण सीट पाडून तिथं युरिया आणि पोटॅशची पोती जात होती, वर्षानुवर्षं, केळीला. एक पोतं फाटलं की खत पत्र्यावर सांडणार, त्यावर पाणी पडणार, आणि पत्रा आतून पापडासारखा होणार. हे सावद्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याकडे येणारे निम्मे पंप केळीच्या मळ्यातलेच असतात, आणि खताच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या मोटारीचं काय होतं ते मी रोज बघतो. पण मी ऐकत होतो, आणि गंज आवाज करत नाही. नानांनी जाताना केळीची एक भली मोठी फणी दिली. ती घेऊन मी हसत हसत घरी आलो.

आणि तू काय शिकवलं होतंस? धुळ्याच्या बाजारात माझ्यासाठी जुनी सायकल घेताना मी असाच चाक फिरवून, कान लावून, मोठ्या माणसासारखा म्हणालो होतो, ‘चांगली शे.’ तू तेलाच्या मिलमधून शेंगांची धूळ अंगावर घेऊन तशीच आलेली. म्हणालीस, ‘नुसतं आयकीसन काय समजस? पालथी करीसन दख.’ आणि भर बाजारात सायकल उचलून चाकं वर करून उभी केलीस. लोक बघताहेत, दुकानदार कपाळाला हात लावतोय, आणि मला वाटतंय की ही बाई माझी कोणी नाही असं सांगून पळून जावं. पायडलच्या खाली जोड दिलेला निघाला. मग तू दुसरी सायकल पालथी केलीस, मग तिसरी. तुला सगळंच पालथं करायची सवय. माठ, बादली, कोंबडी. अक्काला बघायला मंडळी आली, तेव्हा चहा ठेवायच्या निमित्ताने तू मागच्या दाराने फिरून पुढे गेलीस आणि दारातल्या नवऱ्या मुलाच्या चपला पालथ्या करून बघितल्यास. स्वयंपाकघरात परत येऊन, साखर टाकत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘चालनारा माणूस शे, बठनारा नही.’ मेव्हणे आजही पहाटे शेतात चालत जातात. पण माय, सायकल पालथी होते, चप्पल पालथी होते, मोटारगाडी कशी पालथी करायची? निदान पायपुसणं उचल, एवढं तरी सांगून जायचं होतंस.

गाडी दारात लागल्यावर कॉलनीचा एकेक माणूस तपासणीला आला. समोरचे रिटायर मास्तर दोनदा फेरी मारून म्हणाले, ‘कितीला?’ मी पंच्याऐंशी सांगितलं. ‘असं होय. आमच्या जावयाने साठला घेतली. एसीसकट.’ एसी आमच्याही गाडीत आहे. त्याचं बटण दाबलं की गरम वारा येतो. नाना म्हणाले होते गॅस भरला की झालं, आणि एसीवाला म्हणतो गॅस भरायला आधी नळी पाहिजे.

तर आखाजीच्या दोन दिवस आधी बोदवड. गाडी गल्लीत शिरली तेव्हा अक्का ओट्यावरच बसलेली होती, पिशवी भरून, डोक्यावर पदर. तोंडाने मात्र म्हणते काय, ‘कोन शे? कोनाकडे?’ मी म्हटलं, ‘तुला न्यायला आलोय.’ तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मेव्हणे म्हणाले, ‘बस ना आता, ऊन किती आहे.’ ‘बसस. रंग बरा शे,’ एवढं सर्टिफिकेट देऊन ती मागच्या सीटवर बसली. आम्ही दोघं नवरा-बायको पुढे, ती मागे. निघताना शेजारणी दारात आलेल्या, आणि अक्का काच खाली करून कोणी न विचारता प्रत्येकीला, न्यायला कोण आलं ते सांगतेय, ‘मना भाऊ उना लेवाले.’

तासभर बरा गेला. मग एका गावाबाहेर गतिरोधक आला, गाडी आदळली, आणि मागून कड्कन आवाज झाला. हा आवाज मात्र मला नीट ऐकू आला. अक्का ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘भाऊ, खाले रस्ता दिखस.’ मी वळून बघितलं तर पायपुसणं खाली गेलेलं, अक्काचा डावा पाय पोटरीपर्यंत आत, आणि खालून डांबर पळतंय. गाडी कडेला घेतली. पाय वर ओढला, थोडं खरचटलं होतं, चप्पल गेलेली. मी मागे पळत जाऊन शोधली. एका ट्रकने तिचा निकाल लावला होता.

उन्हात त्या भोकाकडे बघत उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडात जे शब्द आले ते तुला लिहीत नाही. शेवटी म्हणालो, ‘अक्का, मी रिक्षा बोलावतो. तू रिक्षात बस, आम्ही मागून येतो.’ ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला गेल्या वर्षीची रिकामी गाडी आठवली. ‘रिक्षा कोनी शे? तुनी?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मंग बोदवडले सोडी दे माले.’ आणि काच वर करून बसली, त्या उन्हात, एसी न चालणाऱ्या गाडीत. मी चिडलो. म्हटलं, ‘अगं, गाडीला तळ नाही.’ तर आतून म्हणाली, ‘तळ तू बघ. मी वरच बशेल शे.’

रस्त्याच्या कडेला एक बाई डांगरं विकत बसली होती. हा सगळा तमाशा बघून ती उठली, डांगरांच्या खोक्याची जाड फळी काढून आणली आणि म्हणाली, ‘ही टाका आडवी, आणि आजींना पाय वर घेऊन बसू द्या. माहेरी चालल्या ना?’ फळीचे पैसे घेईना, म्हणून घागरीवर ठेवायचं डांगर तिच्याकडूनच घेतलं. ते अक्काने निवडलं, आणि ते तिने कसं निवडलं असेल हे तुला सांगायला नको. मग सबंध सीटवर पाय पसरून, डांगर कुशीत घेऊन, उशीला पिशवी लावून ती पिंप्राळ्यापर्यंत आली. रस्त्यात मला ऐकवत होती की अशी ऐसपैस ती लग्नाच्या बैलगाडीतसुद्धा बसली नव्हती.

दारात मास्तर उभेच होते. अनवाणी डावा पाय बघून म्हणाले, ‘ताई, प्रवास कसा झाला?’ अक्का म्हणाली, ‘भाऊ सोता उना लेवाले. माले काय तरास?’ आणि माझ्या खांद्याला धरून लंगडत आत गेली. यंदा घागरीवर डांगर तिने ठेवलं. सरळ.

पुढच्या आखाजीला कधी निघायचं ते तिने आत्तापासून ठरवून ठेवलं आहे. पत्रा नवा बसला आहे. रोज संध्याकाळी ती गाडीत बसून मेहरूणच्या तलावापर्यंत जाऊन येते आणि फोनवर बोदवडला सांगते की भाऊ फिरवतो. मीही तिला अडवत नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. मला अजून क्लच जमत नाही. लायसन्स शिकाऊ आहे, तेही गेल्या महिन्यातलं. बोदवडला जाताना आणि येताना मी डावीकडच्या सीटवर होतो, आणि गाडी तुझ्या सुनेने चालवली.