खिळ्यावरची गाणी

११ फेब्रुवारी, मंगळवार

आणला! गाणी वाजवायचा प्लेअर, काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा. पाच बटणं, पडदा नाही. दुकानदार म्हणाला, "काका, स्वस्तातला आहे, फार अपेक्षा ठेवू नका." देवाची गाणी त्यानेच भरून दिली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण येतो!

ही तीन महिने एक शब्द बोललेली नाही. उजवं अंग गेलं, त्याच सकाळी वाचाही गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. बोलणं शिकवणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "शब्द अडले तरी कधी कधी गाणं सुटतं. त्यांच्या ओळखीचं, आवडीचं काही लावत जा. गुणगुणल्या, तर धागा हाती लागेल."

धागा म्हणाल्या. मी शिंपी. मला लगेच पटलं.

१२ फेब्रुवारी

कामावर जाताना हिच्या उशाशी लावून दिलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि हिच्या डोळ्यांतून पाणी! मी तिथेच हात जोडले. पोचतंय आत. पोचतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

या गाण्यांच्या डबीची खोड कळली. बंद करून पुन्हा लावली की पहिल्या गाण्यापासून सुरुवात. काल कुठवर आलो होतो, याचा तिला पत्ताच नसतो! त्यातून बटण जरा जास्त दाबलं गेलं तर तेच एक गाणं दिवसभर. शुक्रवारी तसंच झालं होतं, शेजारून कळलं.

आमच्या दुकानातला कटर – कापड कापतो, जीभही तशीच धारेची – त्याला कालच सांगितलं. म्हणतो, "बरंय की! तुझा देव तरी रोज कुठे नवा असतो?" हसलो. पण खरं आहे. नाम तेच घ्यायचं असतं. पुन्हा पुन्हा.

२० फेब्रुवारी

शेजारच्या वहिनी दुपारी हिला भरवायला येतात. आज दारातच म्हणाल्या, "भावजी, तुमचं ते पहिलं गाणं आता आमच्या भिंतीलासुद्धा पाठ झालंय हो!" मग जरा थांबून, "पण मी येते तेव्हा डबी बरेचदा खाली पडलेली असते. बंद."

संध्याकाळी लक्ष ठेवलं. हिचा डावा हात चाचपडत उशाकडे जातो आणि डबीवर आपटतो. एकदा, दोनदा, ती पडेपर्यंत. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात हात आपोआप झटके देतात. कोणता हात, ते आता आठवत नाही. बिचारी! एवढंसं सुख, त्याच्याही आड स्वतःचाच हात यावा!

२२ फेब्रुवारी, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत पिशवी शिवली. जाड कापड, दुहेरी टीप, पुढून आवाजासाठी जाळी, तोंडाला बटण. दुकानाचे मालक, मास्तर, चष्म्यावरून बघत होते. "गिऱ्हाइकाच्या खिशाला कधी इतकी सरळ टीप घातली नाहीस रे!"

घरी येऊन खिडकीशेजारी खिळा ठोकला आणि टांगली. आता हात पोचणार नाही.

ही त्या पिशवीकडे बघत राहिली. किती वेळ! मला वाटतं, आवडली.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिला सासरहून इतक्यात निघता येत नाही, धाकटं तान्हं आहे.

"बाबा, आईच्या आवडीचंच लावलंय ना? का तुमच्या?"

"देवाची गाणी आहेत गं. ती कुणाला आवडत नाहीत?"

"तसं नाही हो. आईला कोणतं गाणं आवडतं?"

मला माहीतच नाही! पंचवीस वर्षांचा संसार! मी प्रार्थनेला बसलो की ही शेजारी येऊन बसायची. त्यावरून मी धरून चाललो. लेक म्हणाली, "भांडी घासताना काहीतरी गुणगुणायची बघा." मी त्या वेळी दुकानात असायचो. चाल कोणती, शब्द काय – लेकीलाही आठवेना. जिला ठाऊक आहे तिला सांगता येत नाही.

फोन ठेवून हिच्याजवळ बसलो. विचारलं, "कोणतं गं?"  डबी तेवढी गात होती.

८ मार्च

हिचे ओठ हललेसुद्धा नाहीत. आज लिहवत नाही.

१४ मार्च

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. 'पाणी' एवढंच म्हणायला लावलं. हिला घाम फुटला, मानेच्या शिरा ताठल्या. शब्द नाही. बाहेर येऊन बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येतं. पुढे अवघड होत जातं."

पाचवा महिना लागला.

गिऱ्हाईक काय वाटेल ते फाटकं आणतं, मी सांधून देतो. टाका दिसणार नाही असं. आणि घरात हे! काय करू? कुणाला विचारू? देवापुढे बसलो तर मागायलाही शब्द सुचेनात. म्हटलं, हिच्यासारखाच झालो.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पाठ होत नसेल तर मोठ्याने म्हणा. डबीचा आवाज आणखी वाढवून ठेवला.

२१ मार्च

रात्री डबी चार्जिंगला लावायची राहून गेली. दिवसभर मुकी. वहिनी म्हणाल्या, "आज यांना छान डोळा लागला होता. दोन घास जास्तच गेले."

थकली असेल. गाण्यांवाचून दिवस काढला बिचारीने. चूक माझी. पुन्हा होऊ देणार नाही.

२७ मार्च

हिने आज माझा हात धरला. घट्ट. डाव्या हाताने. आणि हलवला, हलवला. मला समजलं नाही. मी म्हटलं, "हो, हो, बरी होशील." तर हात सोडून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

३० मार्च, रविवार

बोलली! देवा, बोलली!

दुपारी पाय चोळत होतो. घशातून खरखर आली. मग स्पष्ट – "बंद."

मी उठलोच! "काय बंद? खिडकी? पंखा? ऊन लागतंय का?" धावत जाऊन खिडकी लावली. पंखा थांबवला. दिवा मालवला. ही मान हलवत राहिली. नाही. नाही. "बंद."

मग खोलीत चालू असं एकच उरलं, खिळ्यावर.