फूल लावायला आत्या हवी

मसाका, १५ सप्टेंबर १९९६

चि. नाब्बोसा हिस, स्पेसिओझा आत्याचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा फोटो मिळाला. माणूस बरा दिसतो, कान तेवढे नको इतके मोठे. असू देत, तुझी बडबड ऐकायला लागतीलच! क्वांजुलाला त्याची माणसं तुला मागायला येतील, तेव्हा तो घोळक्यात लपून बसेल. मी त्याला हुडकून काढीन आणि छातीवर फूल लावीन. त्या दिवसाची पायघोळ गोमेसी शिवायला टाकलीय, डावीकडे जरा सैल.

सैल अशासाठी, की स्तनात गाठ आहे. ईस्टरला शेंगदाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. दुखत नाही, तेव्हा काळजी नको. पालेवाली पाला बांधते. तुझ्या बापाला बोलू नकोस.

तुझी आत्या

एन्टेबी, २२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

दुखत नाही म्हणून काळजी नको, हे कुणी शिकवलं तुला? आमच्या शाळेच्या नर्सबाई म्हणतात, न दुखणाऱ्या गाठीचीच धास्ती घ्यावी. मिळेल त्या बसने कंपालाला ये, मी स्टँडवर उभी राहते. क्वांजुला पुढे ढकलू. कानवाल्याला सांगितलंय, तो थांबायला तयार आहे. ऐकलं नाहीस तर बाबांना सांगेन हं!

तुझी हट्टी नाब्बोसा

मसाका, ३० सप्टेंबर

चि. नाब्बोसा हिस आशीर्वाद.

निरोप गेले, टोपल्या विणून झाल्या, आणि म्हणे पुढे ढकलू! तुझ्या बापाला बहीण एकच. मी इस्पितळात पडले तर फूल कोण लावणार? मला आत्या नव्हती, माझ्या वेळी शेजारीण उभी राहिली. लोक अजून ते उकरून काढतात. तुझ्या वाट्याला ते नको.

शिवाय छाती कापून घ्यायला आपल्या गावातून ज्या ज्या गेल्या, त्यातली एकही वाचली नाही. आधी तुझं होऊ दे, मग माझं बघू. बापाला सांगितलंस तर मी उभीच राहणार नाही.

लोभ आहेच, यंदा जरा जास्त असू दे.

आत्या

एन्टेबी, ११ मे १९९७

ती. क्रिझोस्टम दादास सा. न.

आत्याला मातीत ठेवून परवा आलो. तू जिंजाहून पोचेपर्यंत थांबता आलं नाही, रागावू नकोस.

डिसेंबरात तिने एकट्या उजव्या हाताने फूल लावलं, तेव्हा सगळे म्हणाले, काय ऐटीत उभी आहे! ऐट कसली, डावा हात वर होत नव्हता. जानेवारीत इस्पितळात नेलं तोवर दुखणं मणक्यात उतरलं होतं. औषधांनी केस गेले, बाकी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच्या बायका सुरीने मेल्या नाहीत, त्याही अशाच उशिरा आल्या होत्या. ते ऐकून आत्या भिंतीकडे तोंड करून रडली. दादा, मला ते विसरता येत नाही.

मुलीला अंगाचं सारं आत्यानेच सांगायचं असतं. मला तिने सगळं सांगितलं. तिला गाठीचं सांगायला आत्या नव्हती.

तुझ्या लेकीला आत्या आहे. सुट्टी लागली की तिला पाठव.

तुझी नाब्बोसा