बाबांची वाकडी रेघ

९ जानेवारी, मंगळवार

भोंग्याने पुन्हा माझं नाव देऊन टाकलं! न विचारता! टीम लीड झाला म्हणजे काय आमचा मालक झाला? शुक्रवारी ऑफिसच्या हॉलमध्ये पाच-पाच मिनिटांची भाषणं आहेत – टीमवर्क, वेबसाइट, हौस म्हणून केलेलं कोडिंग, काहीही चालेल म्हणे. 'तू घरी ते चित्रांचं काहीतरी करतेस ना, तेच दाखव.' नाही दाखवणार! तोंडावर सांगितलं. 'बरं बाई,' म्हणाला.

ते 'काहीतरी' म्हणजे बाबांचं पान. झटका आल्यापासून त्यांचं बोलणं गेलं, उजवा हात गेला. डोकं शाबूत. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस – गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न, 'केवढी?' – तो आता दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. बघवेना मला. म्हणून इंटरनेटवर हे पान केलं. टॅब्लेटवर डाव्या बोटाने ओढलं की ब्रशसारखी रेघ उमटते, ओल्या रंगाची. सध्या नुसत्या रेघाच चालल्यात. मला एक अक्षर हवंय. एकच!

१० जानेवारी

रेघ आपोआप सरळ व्हावी म्हणून कोड घातला. बाबांनी टॅब्लेट ढकलून दिला. काढला कोड. माझा हट्टीपणा कुठून आला ते कळलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

भोंग्याला सोडणार नाही!

भोंगा स्वतःच उभा राहिला. 'आमच्या टीमने फावल्या वेळात केलेला प्रयोग.' आमच्या!! आणि बाबांचं पान उघडलं. घरचा लॅपटॉप सारखा मान टाकतो, म्हणून मी ते ऑफिसच्या टेस्ट सर्व्हरवर ठेवलं होतं – माझाच गाढवपणा. तिथलं सगळ्या टीमला दिसतं. आणि ऑफिसातून बाबांवर लक्ष ठेवता यावं म्हणून अशी सोय केली होती की ते घरी ओढतील ते पान उघडणाऱ्याला तेव्हाच दिसेल.

ती त्यांची ओढायचीच वेळ. मोठ्या पडद्यावर रेघ सुरू झाली. खाली आली, थरथरली, थांबली, पुन्हा निघाली. मागून कुणीतरी – 'अरे, माउस बिघडला काय?' सगळा हॉल हसला. भोंगाही! 'लाइव्ह दाखवायचं म्हटलं की असंच होतं!' मी उठले. बाहेर आले, जिन्यात बसून फोनवरून पानच काढून टाकलं. हसा आता!

१३ जानेवारी

आई म्हणते, 'काल ओढता ओढता अर्ध्यातच पांढरं झालं गं. तेव्हापासून बोट आपटतायत नुसते. जेवले पण नाहीत धड.' म्हणजे मी त्यांच्या बोटाखालून काढून घेतलं! बाबांना सांगितलं, बिघडलंय. खोटं. दोरी न धरता सरळ ओळ मारणाऱ्या माणसाला कसं सांगू, की लोक तुमच्या रेघेला हसले? आईला मात्र स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. रडले.

१५ जानेवारी, सोमवार

भोंग्याला गाठलं. 'ऑफिसच्या सर्व्हरवर होतं म्हणजे टीमचंच ना? आणि लोकांना आवडलं गं!'

म्हटलं, 'ती रेघ माझ्या बाबांची होती. घरून ओढत होते ते.'

मग म्हणतो – 'आधी सांगायचंस ना!' म्हणजे चूक पुन्हा माझीच! 'नाही' म्हटलं होतं ते काय कमी होतं? त्या मिटिंगच्या खोलीत मी एवढी ओरडले की काचेबाहेरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत.

१६ जानेवारी

पान घरच्या लॅपटॉपवर लावलं. टॅब्लेट पुढे ठेवला. बाबांनी बोटही लावलं नाही. रुसलेत.

१७ जानेवारी, बुधवार

आईच्या तोंडात तीळ भिजत नाही! सगळं सांगून टाकलं बाबांना – हॉल, मोठा पडदा, लोक हसले तेसुद्धा. 'त्यांच्यापासून का लपवायचं?' म्हणते. मी नाही नाही ते बोलले तिला. बाबांनी तोंड फिरवलं. झालं! आता ते कधीच हात लावणार नाहीत. भोंग्याचं वाटोळं होवो.

१८ जानेवारी

सकाळी बाबांनी स्वतःच टॅब्लेट ओढून घेतला. जेवणाची वेळ टळली तरी सोडेनात. मग माझ्याकडे सरकवला. वाकडी, थरथरती, पण लागणारी अक्षरं – 'केवढा पडदा'. खाली ठसठशीत प्रश्नचिन्ह.

'भिंतीएवढा, बाबा.'

त्यांनी सगळं पुसलं आणि पहिलं अक्षर पुन्हा घेतलं – या वेळी टॅब्लेटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.