उन्हाच्या बाजूची खोली

घणसोली गाव,
२० नोव्हेंबर १९८३

प्रिय जया,

अजून 'प्रिय' लिहितोय म्हणून रागावू नकोस. दुसरं काही लिहायला गेलो की पेन अडतं. पत्र पाठवू नकोस असं तू सांगितलंस त्याला तीन वर्षं होतील. तेवढं एक ऐकलं. बाकी तुझं काय ऐकलं म्हणा! जिमखान्याचा सेक्रेटरी तुझ्याबद्दल वाकडं बोलला म्हणून त्याला कॅन्टीनमध्ये हाणला. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी लिहून दे. तू म्हणालीस, "एका कागदाचा तर प्रश्न आहे, नंदू." मी तो कागद त्यांच्याच टेबलावर फाडला आणि एस. वाय. अर्धवट टाकून निघालो. तू फाटकाशी उभी होतीस. तुझ्याकडेही पाहिलं नाही. एवढी मस्ती! आता उलट झालंय. कुठंही काही बघितलं की आधी तुला दाखवावंसं वाटतं.

सध्या वाशीतल्या एका लहानशा टूर कंपनीत मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे सामान मोजणारा, खोल्या वाटणारा आणि शिव्या खाणारा. नेपाळ आणि भूतान. पासपोर्ट लागत नाही, आणि मला इथं धरून ठेवणारंही कोणी नव्हतं. सीमेवरच्या रक्सौलपासून बस, टपावर पातेली, स्टोव्ह आणि कमळाकर आचाऱ्याचा गोडा मसाला. आपली माणसं हिमालयात जाऊन पिठलं-भात खातात! पोखऱ्याला पहाटे सगळ्यांना तळ्याकाठी नेतो. पाणी जराही हलत नसतं. त्यात माशाच्या शेपटीसारखं शिखर उलटं उभं, आधी राखेच्या रंगाचं, मग टोकाकडून हळूहळू पेटत जाणारं. तेवढ्यात शेजारून कुणीतरी काका विचारतात, "चहात आलं घातलंय ना हो?" हसायला बरोबर कोणी नसतं. मग तुला मनातल्या मनात सांगतो.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं दहा मिनिटं. सीमा ओलांडली की बसमधले सगळे काटे फिरवतात, मी नाही फिरवत. आत्ता तू खाडीपुलावरून ऑफिसला चालली असशील, हे मनगटावर दिसत राहतं. आहे वेडेपणा, असू दे.

भूतानात मिरची फोडणीत घालत नाहीत, तिचीच भाजी करतात, चीज घालून. साताऱ्याच्या एका मामांनी पैजेवर खाल्ली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्याच दिवशी पारोच्या वाटेवर डोंगरउतारावर पांढऱ्या निशाणांचं रानच दिसलं. उंच काठ्या, लांबच लांब कापडं, त्यावर बारीक अक्षरं. ड्रायव्हर म्हणाला, गेलेल्या माणसासाठी लावतात. कोणी वाचायची गरज नाही, वारा वाचतो. मी बस थांबवायला लावली. मागून कोणीतरी ओरडलं, "काय मॅनेजर, घाईची लागली का?" मी हो म्हणालो, खाली उतरलो आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. जया, तिकडं मेलेल्यांनासुद्धा लिहायची सोय आहे.

परत आलो की ही खोली. घरमालकीण बायजाबाई दारातच धरते, "कोन हाय रं तुजा तिकडं, सारका जातोस तो?" मी म्हणतो, कोणी नाही म्हणूनच जातो. ती तांदळाची भाकरी आणि सुकट वाढते.

परवा तुझे बाबा ऑफिसात आले. मला बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्चीत टेकून म्हणाले, लग्नाची भेट म्हणून लेक-जावयाला नेपाळ दाखवायचंय, जेवण आपलंच असतं ना? फॉर्म मीच भरला. तुझं नवं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वसुधा. चांगलं आहे. उठताना म्हणाले, "तिला थंडी सोसत नाही. खोली उन्हाच्या बाजूची द्याल?" पूर्वी मला 'ए' म्हणायचे, आता 'द्याल'. एरवी माझं डोकं फिरलं असतं. मी म्हटलं, "देतो, काका."

मालकांना सांगितलं, डिसेंबरची टूर दुसऱ्या कुणाला द्या. दुसरा माणूस नाही म्हणाले. नोकरी सोडायला उठलो होतो, पण परत बसलो. तेव्हा बारा दिवस मी तुमच्याच बसमध्ये असणार, हे तुला आधी कळावं म्हणून लिहितोय. मला अचानक समोर बघून तुझ्या चेहऱ्यावर काही उमटायला नको आणि ते तुझ्या मिस्टरांना दिसायला नको. बसमध्ये आम्ही बायकांना नावानं हाक मारत नाही. थोरल्यांना काकू, मावशी. नव्या लग्नाच्यांना वहिनी. निघायच्या दिवशी स्टेशनवर मी तुला वहिनी म्हणणार आहे. काल इथं भिंतीकडे तोंड करून म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, नंतर दोनदा जमलं. बाकीच्या बायका देतात तशी तू फक्त ओ दे. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, वाचून फाडून टाक.

स्टेशनपर्यंत तुझाच,
नंदकुमार