रूबेनदादाचं काम

१३ नोव्हें. २००६, सोम.
चाललं एकदाचं! क्लायंटच्या सर्व्हिसची डब्लूएसडीएल फाइल, म्हणजे त्या सर्व्हिसला कुठली माहिती कशी द्यायची त्याचं वर्णन, माझ्या प्रोग्रॅमने वाचली, आणि कुठला पॅरामीटर कसा पाठवायचा त्याचा सगळा कोड स्वतःच लिहून टाकला. हेच रूबेनदादा आठ-आठ दिवस हाताने लिहीत बसतो. मान धरते बिचाऱ्याची, म्हणून तर केलं. बघून म्हणाला, "भारीच गं. सुटलो." खांदा कॉलनीच्या नाक्यावर वडापावही त्यानेच खिलवला.

१५, बुध.
सर: "मग रूबेनला आता काय काम द्यायचं?"
अगं बये, हे आधी सुचलं नाही का तुला? टेस्टिंग द्या म्हटलं. तर म्हणे, टेस्टिंगला फ्रेशर आहेत.

१७, शुक्र.
रूबेनदादाची सर्वांत किचकट सर्व्हिस मुद्दाम प्रोग्रॅमला दिली. एकात एक गुंतलेले पॅरामीटर, याद्या, काय काय. मनात म्हणत होते, अडक मेल्या, एकदा तरी अडक. नाही अडकला. दादाच्या कोडशी ताडून पाहिलं, सगळं बरोबर. प्रोग्रॅम चालला म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले.

२२, बुध.
दादाचा राजीनामा. सरांनीच सुचवलं म्हणे. त्याचा भाऊ केव्हापासून इस्रायलला बोलावतोय, कागदपत्रंही तयार आहेत. दादाच्या आई ऐकायच्या नाहीत, पनवेल सोडून कुठे मरायला जाऊ म्हणायच्या. मुलाची नोकरी इथे होती तोवर निभलं. आता दोघंही निघालेत.
माझ्यामुळे झालं म्हटलं, तर म्हणतो, "वेडी आहेस का? तू नाही तर दुसऱ्या कोणी केलं असतं."
असेल. पण केलं मीच ना!

३ डिसें., रवि.
दादाकडे मलिदा, बेने इस्रायलींचा प्रार्थनेचा विधी. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. प्रार्थना झाली, मग गोड पोहे, खोबरं, फळं. आईंनी मला शेजारी बसवून घेतलं. "ऑफिसात कसलासा प्रोग्रॅम आलाय म्हणे, माणसाचं काम खातो. कोणा मेल्याने केला गं?"
दादाकडे पाहिलं. त्याने माझ्या ताटात आणखी पोहे वाढले. "खा. उपाशी आलेली दिसतेस." एवढंच.
निघताना आईंनी डबा भरून दिला. "शुक्रवारी विमान आहे. त्याआधी आणून दे हो, नाहीतर राहू दे तुलाच."

५, मंगळ.
डबा घासून ठेवला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून नारळाच्या वड्या केल्या. पाक बिघडला, चिकट झाल्यात. जाऊ दे, त्याच देणार.
आईंना तोंडावर सांगायचंय, ती मेली मीच. सांगून काय मोठं होणार? जायचं थोडंच टळणार आहे! पण नाही सांगितलं, तर तिकडे बसून भलत्यालाच शिव्या घालतील, आणि माझी आठवण मात्र चांगली काढतील. ते नको.
उद्या ऑफिस सुटलं की जाते. दादा घरी नसला तर बरं. तो असला की मला बोलू देणार नाही.