तेवीस माणसं आणि एक इमारत डावीकडे सरकली

१३ एप्रिल, शनिवार
रोजनिशी, माफ कर. फेब्रुवारीनंतर आज उघडतोय. कारण आळस नव्हे. (थोडा आळस.) महिनाअखेर आमचा बोल्स क्लब (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) बंद होतोय, त्या हिरवळीवर घरं उठणार. शेवटचा ग्रूप फोटो काढायचं काम मी मागून घेतलं. संध्याकाळी काढलाही. सेक्रेटरी नेव्हिल ट्रायपॉड देत होता. म्हणाला, उजेड कमी आहे ग्लेन, शटर जास्त वेळ उघडं राहणार, हात हलला की संपलं. मी म्हटलं, माझे हात म्हणजे दगड.

१४ एप्रिल
फोटो पुसट. लोक हलले. नव्वदीच्या माणसांना स्थिर उभं राहता येत नाही, त्याला मी काय करू?
बायको, रेविन, म्हणाली, तेवीसच्या तेवीस जण एकदम डावीकडे हलले? आणि मागचं क्लबहाउसही त्यांच्याबरोबर?
प्रश्न रास्त आहे. प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर सापडलं. आपण राहतो वेलिंग्टनला, जिथे जमीन सारखी हलते. भूकंप!

१५ एप्रिल
भूकंपांची नोंद ठेवणारी वेबसाइट पाहिली. काल नव्हे, परवा खरंच धक्का होता! समुद्रात, खोल, फोटोच्या सव्वा तास आधी. पोहोचायला वेळ लागतोच. ‘जाणवला का?’ या फॉर्मवर ‘हो, मध्यम’ भरलं. मग मन खाऊ लागलं. ‘सौम्य’ केलं.
नेव्हिल म्हणाला, माझ्या कपातला चहासुद्धा हलला नाही रे. चहा हा पुरावा नव्हे.

२० एप्रिल, शनिवार
पुन्हा सगळे जमले. ट्रायपॉड पुन्हा नाकारला. तत्त्वाचा प्रश्न आहे.
नोलाबाई एक्याण्णव वर्षांच्या. ही हिरवळ त्यांच्या नवऱ्याने लावलेली. म्हणाल्या, बाळा, या वेळी मला चेहरे हवेत. तिसऱ्यांदा यायला मी असेन-नसेन. मग त्या एका खुर्चीत बसल्या, आपला चाकांचा वॉकर समोर ठेवून मला त्याचे ब्रेक लावायला लावले आणि कॅमेरा माझ्या हातातून काढून वॉकरच्या सीटवर ठेवला. म्हणाल्या, टायमर लाव आणि तूही ये. पळ!
पळालो.

२१ एप्रिल
सगळे स्वच्छ आलेत. छपरावरचा गंजसुद्धा. नोलाबाई हसताहेत, दात मोजून घ्यावेत. फक्त उजव्या कडेला बूट घातलेला करडा धूर आहे.
रेविन बराच वेळ बघत होती. म्हणाली, म्हणजे जो हलतो, तोच पुसट येतो.
मी म्हटलं, त्या दिवशी भूकंप झाला होता हे तरी खरं की नाही?
नोलाबाईंचा फोन आला. फार सुंदर आलाय म्हणाल्या, भिंतीवर लावणार आहेत. मग विचारलं, यात तू कुठला रे?

उद्या: वेबसाइटवरचा तो ‘सौम्य’ मागे घेणे.